पंचाची शिट्टी आणि फुटबॉलची गोडी

(नभोवाणीवरील भाषण)

फुटबॉलचा सामना मैदानावर दीड तास चालतो. परंतु त्याचा उत्तरार्ध पुढे कित्येक दिवस चहाच्या दुकानांत, बसच्या थांब्यांवर, कचेऱ्यांतील मधल्या सुटीत आणि घरोघरच्या ओसरीवर चालू राहतो. या उत्तरार्धात गोल कोणी केला याची चर्चा फारशी होत नाही. चर्चा होते ती पंचाने दिलेल्या किंवा नाकारलेल्या गोलाची. तो खेळाडू ऑफसाइड होता की नव्हता, चेंडू हाताला लागला की हात चेंडूला लागला, त्या पेनल्टीसाठी खरोखर धक्का दिला गेला की खेळाडूनेच लोटांगण घातले, या प्रश्नांवर सख्खे भाऊ हमरीतुमरीवर येतात. सरळसोट खेळून मिळविलेले विजय काही वर्षांत विस्मृतीत जातात, आणि वादग्रस्त निर्णय मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात. म्हणून काही रसिक असे म्हणू लागले आहेत, की पंचांचे वादग्रस्त निर्णय हे या खेळाचे मीठ आहे. ते काढून घेतले तर खेळ अळणी होईल. याउलट दुसरे म्हणतात, हे मीठ खरे, पण ते दुधात पडलेल्या खड्यासारखे आहे. आज आपल्याला या दोन मतांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पंचाच्या चुका सर्वच खेळांत होतात. मग फुटबॉलमध्येच त्यांचा एवढा गाजावाजा का व्हावा? याचे उत्तर या खेळाच्या रचनेतच आहे. क्रिकेटमध्ये एक फलंदाज चुकून बाद दिला गेला, तरी त्याच्यामागे दुसरे फलंदाज असतात. टेनिसमध्ये एक गुण अन्यायाने गेला, तर पुढच्या पन्नास गुणांत तो भरून काढता येतो. फुटबॉलमध्ये मात्र दीड तासाच्या धावपळीतून एखाद-दुसराच गोल जन्माला येतो. जेथे धान्य मुबलक आहे तेथे मापाड्याच्या हातून मूठभर सांडले तर कोणी बोलत नाही. जेथे दाणा दाणा मोजून घ्यावयाचा तेथे मापाड्याचा हात जरासा हलला तरी भांडण जुंपते. फुटबॉलचा पंच हा असा दाणे मोजणारा मापाडी आहे.

आणि मौज अशी, की पंच या खेळात आला तोच मुळी वादामुळे. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने नियम बांधले, तेव्हा त्यांत पंचाला स्थानच नव्हते. खेळणारे सभ्य गृहस्थ आहेत, तेव्हा तंटा उद्भवलाच तर दोन्ही कर्णधार आपसांत मिटवतील, अशी समजूत होती. ही समजूत फार काळ टिकली नाही. पुढे प्रत्येक संघाने आपापला एक पंच नेमावयास सुरुवात केली. साहजिकच हे दोन पंच आपापल्या संघाच्या बाजूने बोलू लागले. मग त्या दोघांचे पटले नाही, तर ज्याच्याकडे वाद न्यावयाचा असा तिसरा गृहस्थ मैदानाबाहेर उभा करण्यात आला. ‘रेफरी’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच : ज्याच्याकडे वाद सोपविला जातो तो. १८९१ साली या तिसऱ्या गृहस्थाला मैदानात घेऊन त्याच्या हाती सर्वाधिकार देण्यात आले, आणि आधीचे दोघे रेषेवर निशाण घेऊन उभे राहिले. त्याच वर्षी पेनल्टीचा नियमही आला. आपल्याकडे ‘पाचांमुखी परमेश्वर’ अशी म्हण आहे. फुटबॉलने हा परमेश्वर एकाच माणसाच्या मुखी बसविला, आणि त्या मुखात एक शिट्टी दिली.

या शिट्टीने इतिहास कसा घडविला याची दोन उदाहरणे जगभर प्रसिद्ध आहेत. पहिले आहे ३० जुलै १९६६ चे. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यात विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता. नियमित वेळेत २-२ अशी बरोबरी झाली. जादा वेळेच्या अकराव्या मिनिटाला जेफ हर्स्टने मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या खांबावर खालच्या अंगाने आदळला, गोलरेषेच्या आसपास जमिनीवर आपटला आणि बाहेर उसळला. गोल की नाही? पंच होते स्वित्झर्लंडचे गॉटफ्रीड डीन्स्ट. त्यांना खात्री वाटेना. ते धावत रेषापंचाकडे गेले. हे रेषापंच म्हणजे सोव्हिएट संघातील अझरबैजानचे तोफिक बहरामोव्ह. बहरामोव्ह यांनी मान हलविली, गोल मंजूर झाला, इंग्लंडने सामना ४-२ असा जिंकला आणि आजवरचा आपला एकमेव विश्वचषक नेला. तीस वर्षांनंतर ऑक्सफर्ड विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी त्या दिवशीच्या चित्रफितींचे गणित मांडून दाखविले, की चेंडू गोलरेषा पूर्णपणे ओलांडून गेलाच नव्हता. पण तोवर ‘वेम्ब्लीचा गोल’ हा शब्दप्रयोग जर्मन भाषेत कायमचा रूढ झाला होता. आडव्या खांबाला लागून रेषेवर आपटणाऱ्या कोणत्याही चेंडूला तिकडे याच नावाने ओळखतात. आणि अझरबैजानने आपल्या राजधानीतील, बाकू येथील मैदानाला बहरामोव्ह यांचे नाव दिले. खेळाडूंची नावे मैदानांना पुष्कळ आहेत. परंतु रेषेवर निशाण घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव मैदानाला लाभणे ही विरळाच गोष्ट.

दुसरे उदाहरण २२ जून १९८६ चे, मेक्सिको सिटीच्या अझ्टेक मैदानावरचे. अर्जेंटिना आणि इंग्लंड यांच्यातील उपउपांत्य सामन्यात उंच उडालेल्या चेंडूसाठी बुटका डिएगो मॅराडोना आणि धिप्पाड गोलरक्षक पीटर शिल्टन यांनी एकाच वेळी झेप घेतली. चेंडू जाळ्यात गेला, पण तो मॅराडोनाच्या डाव्या हाताने ढकललेला होता. ट्यूनिशियाचे पंच अली बिन नासर यांना हात दिसला नाही. त्यांनी रेषापंचाकडे पाहिले. तेथून इशारा आला नाही. गोल मंजूर झाला. चारच मिनिटांनी त्याच मॅराडोनाने आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेतला आणि एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना चकवीत, शेवटी गोलरक्षकालाही मागे टाकून असा गोल केला, की पुढे तो शतकातील सर्वश्रेष्ठ गोल म्हणून निवडला गेला. पहिल्या गोलाविषयी विचारता मॅराडोनाने उत्तर दिले, की त्यात थोडे आपले डोके होते आणि थोडा देवाचा हात होता. २०१५ साली तो ट्यूनिशियात बिन नासर यांच्या घरी जाऊन त्यांना आपला सदरा भेट देऊन आला. २०२२ साली बिन नासर यांनी जपून ठेवलेला तो चेंडू लिलावात सुमारे वीस लाख पौंडांना विकला गेला.

वादग्रस्त निर्णयांचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की पाहा, हे दोन सामने निर्दोष पंचगिरीने पार पडले असते तर आज त्यांच्याविषयी कोणी बोलले असते काय? या चुकांनी फुटबॉलला पुराणे दिली, नायक आणि खलनायक दिले, पराभूतांना उगाळण्यासाठी दुःख दिले आणि विजेत्यांना लपविण्यासाठी थोडी लाज दिली. आयुष्यात तरी सारे न्यायाने कोठे घडते? खेळ हा आयुष्याचा आरसा असेल, तर त्यात दैवाचा आणि अन्यायाचा अंश असावयाचाच.

या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे. ही पुराणे आपण ऐकतो ती दुरून, सुरक्षित अंतरावरून. ज्याच्या अंगावर अन्याय कोसळला त्याच्या जागी उभे राहून पाहिले, की चित्र पालटते. ८ जुलै १९८२ रोजी सेव्हिल येथे फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांचा विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. फ्रान्सचा पॅट्रिक बातिस्ताँ चेंडूमागे एकटा धावत गोलाकडे निघाला असता जर्मन गोलरक्षक शूमाकर उसळी घेऊन त्याच्या अंगावर आदळला. बातिस्ताँ बेशुद्ध पडला, त्याचे दात गेले, मणक्याला इजा झाली, त्याला डोलीवरून न्यावे लागले. पंचांनी शूमाकरला ना ताकीद दिली, ना बाहेर काढले. फ्रान्सला साधी फ्री किकही मिळाली नाही. खेळ गोलकिकने पुढे सुरू झाला आणि शेवटी पेनल्ट्यांवर फ्रान्स हरले. या निर्णयाविषयीही चाळीस वर्षे चर्चा होत आली आहे. पण त्याने खेळाची गोडी वाढली असे म्हणावयास कोणाचीही जीभ रेटत नाही.

फार लांब जावयास नको. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे भारत आणि कतार यांचा विश्वचषक पात्रता सामना झाला. सुनील छेत्रीने निवृत्ती घेतल्यानंतरचा भारताचा हा पहिलाच सामना. सदतिसाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. ती टिकली असती तर भारत पात्रता स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत इतिहासात प्रथमच पोचला असता. त्र्याहत्तराव्या मिनिटाला कतारच्या एका खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडविला. चेंडू गोलाच्या बाजूने घसरत अंत्यरेषेबाहेर गेला. आपले खेळाडू खेळ थांबला असे समजून क्षणभर थबकले. इतक्यात कतारच्या खेळाडूने रेषेपलीकडून चेंडू ओढून आत घेतला आणि यूसुफ आयमेन याने तो जाळ्यात टाकला. पंचांनी गोल दिला. त्या फेरीत चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय नव्हती. पुढे कतारने दुसरा गोल केला, भारत १-२ असा हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली. निकाल बदलला नाही. तिसऱ्या फेरीबरोबर २०२७ च्या आशिया चषकातील थेट प्रवेशही गेला. मग वेगळ्या पात्रता फेरीत खेळावे लागले, आणि तेथे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, सिंगापूरकडून पुन्हा १-२ असा पराभव पत्करून भारत तीही संधी गमावून बसला. हा दुसरा पराभव पंचांच्या माथी मारता येणार नाही, तो आपलाच. परंतु दोह्याची ती रात्र ज्याने पाहिली, त्याला जाऊन विचारा, की बाबा रे, या निर्णयाने तुझी फुटबॉलची गोडी वाढली काय?

तेव्हा ‘वादग्रस्त निर्णय’ या एकाच नावाखाली आपण निरनिराळ्या गोष्टी गोळा करतो आणि मग त्यांविषयी एकच मत देऊ पाहतो, येथेच घोटाळा होतो. माझ्या मते त्यांचे तीन वर्ग करावे लागतील.

पहिला वर्ग वस्तुस्थितीविषयीच्या चुकांचा. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, पास दिला त्या क्षणी खेळाडू कोठे होता, या प्रश्नांना एकच खरे उत्तर असते. ते कोणाच्या मतावर अवलंबून नाही. फक्त माणसाच्या डोळ्याला ते दर वेळी दिसत नाही. दुसरा वर्ग खऱ्या अर्थाने निवाड्याचा. धक्का बेपर्वाईचा होता की ओघात बसला, हात शरीराजवळ स्वाभाविकपणे होता की मुद्दाम पसरलेला होता, येथे दोन जाणकार, दोघेही प्रामाणिक, तीच चित्रफीत दहा वेळा पाहून वेगवेगळी मते देऊ शकतात. आणि तिसरा वर्ग लबाडीचा. २००५ साली जर्मनीत रॉबर्ट हॉयझर नावाच्या पंचाने जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामन्यांचे निकाल फिरविल्याचे उघड झाले आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. २००६ साली इटलीत पंचांच्या नेमणुकींमध्ये ढवळाढवळ केल्याच्या प्रकरणात युव्हेंटस या बलाढ्य संघाची दोन अजिंक्यपदे गेली आणि त्याला खालच्या श्रेणीत उतरविण्यात आले.

यांतील तिसऱ्या वर्गाबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. ते विष आहे. आणि त्याचा परिणाम त्या सामन्यापुरता राहत नाही. एक पंच विकला गेला, की नंतर प्रत्येक प्रामाणिक पंचाची प्रत्येक प्रामाणिक चूक संशयास्पद ठरते. पहिल्या वर्गाबद्दलही माझे मत स्पष्ट आहे. ज्या प्रश्नाला खरे उत्तर आहे आणि ते मिळविण्याचे साधन हाती आहे, तेथे केवळ गप्पा रंगाव्यात म्हणून चूक जपून ठेवणे हा शुद्ध आडमुठेपणा होय. २७ जून २०१० हा दिवस या संदर्भात फार बोधप्रद आहे. त्या दिवशी दुपारी दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेन येथे इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डने जर्मनीविरुद्ध मारलेला चेंडू आडव्या खांबावरून रेषेच्या चांगलाच आत पडला. साऱ्या जगाने तो पाहिला. पंच आणि त्यांच्या साहाय्यकाला तो दिसला नाही. त्याच संध्याकाळी जोहान्सबर्ग येथे अर्जेंटिनाच्या तेवेझने मेक्सिकोविरुद्ध उघड उघड ऑफसाइड असताना गोल केला. तो देण्यात आला, आणि लगेच मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर त्याचे पुनर्दर्शन झाले. पंच रोझेट्टी यांच्याभोवती खेळाडूंनी गराडा घातला. सत्य पडद्यावर दिसत होते, परंतु पडदा पाहून निर्णय बदलण्याची मुभा नियमांत नव्हती. गोल कायम राहिला. हजारो माणसांना ठाऊक असलेले सत्य ज्याला ठाऊक असूनही मानता येत नाही, अशा न्यायाधीशाची ती स्थिती करुण होती. फिफाच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांची क्षमा मागितली. २०१२ साली गोलरेषेवर यंत्राची नजर ठेवण्यास मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ती प्रत्यक्षात आली. तेव्हापासून, जेथे हे यंत्र आहे तेथे, वेम्ब्लीसारखा वाद जवळजवळ संपला. या वादाच्या अभावी फुटबॉल अळणी झाल्याची तक्रार मी तरी ऐकलेली नाही.

वादांपासून काही चांगले निघाले असेल, तर ते हेच. लाल आणि पिवळी कार्डे ही आज लहान मुलालाही ठाऊक आहेत. त्यांचा जन्मही एका तंट्यातच झाला. १९६६ च्या त्याच स्पर्धेत इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीन याला बाहेर जाण्यास सांगितले. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. रात्तीन मैदान सोडीना. खेळ कित्येक मिनिटे खोळंबला. कोणाला ताकीद मिळाली आणि कोणाला नाही, हेही सामन्यानंतर नीट कळेना. पंचांचे प्रमुख केन ॲस्टन मोटारीतून घरी जाताना रस्त्यावरच्या तांबड्या-पिवळ्या दिव्यांसमोर थांबले आणि त्यांना कल्पना सुचली, की रंगांना भाषांतराची गरज नसते. १९७० च्या विश्वचषकात कार्डे आली.

मग प्रश्न उरतो दुसऱ्या वर्गाचा, म्हणजे निवाड्याचा. २०१८ च्या विश्वचषकापासून चित्रफीत पाहणारा साहाय्यक पंच, ज्याला ‘व्हीएआर’ या अक्षरांनी ओळखतात, तो मोठ्या स्पर्धांत रूढ झाला. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला झालेली शिक्षा, एवढ्या चारच बाबतींत, आणि तेही चूक ढळढळीत असेल तरच, त्याने हस्तक्षेप करावा असा मूळ संकेत. अपेक्षा अशी होती की आता वाद संपतील. ते संपले नाहीत. त्यांनी घर बदलले. पूर्वी लोक मैदानावरच्या पंचाशी भांडत, आता ते पडद्यामागच्या पंचाशी भांडतात. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात लुईस दियाझचा वैध गोल मैदानावर ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. चित्रफितीवर तो वैध दिसला. पण मैदानावर गोलच दिला गेला आहे असा पडद्यामागच्या पंचाचा गैरसमज होता. ‘तपासणी पूर्ण’ असे त्याने कळविले, आणि खेळ पुढे सुरू झाला. यंत्राने अचूक पाहिले. दोन माणसांच्या बोलण्यात चूक झाली.

याखेरीज आणखी एक किंमत मोजावी लागते. गोल होताच हजारो कंठांतून एकदम जो चीत्कार उठतो, तो फुटबॉलचा प्राण आहे. आता गोल झाल्यावर प्रेक्षक क्षणभर पंचाच्या कानाकडे पाहतात. तो कानाला बोट लावतो की काय! आनंद दोन हप्त्यांत घ्यावा लागतो, आणि दुसरा हप्ता नेहमीच थोडा कमी भरतो. म्हणूनच २०२४ साली इंग्लंडमधील वुल्व्हज या संघाने ही पद्धत रद्द करावी असा ठराव मांडला. तो १९ विरुद्ध १ अशा मतांनी फेटाळला गेला. स्वीडनमध्ये मात्र संघांचे सभासद असलेल्या प्रेक्षकांनी या पद्धतीला कसून विरोध केला. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. एका बाजूला न्यायाची भूक आहे, दुसऱ्या बाजूला उत्स्फूर्त आनंदाची.

यंत्राचे न्यायदान कोठे शोभते आणि कोठे नाही, हेही अनुभवाने कळू लागले आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषकात जपान आणि स्पेन यांचा सामना होता. जपानच्या मितोमाने अंत्यरेषेवरून चेंडू परत ओढला आणि तनाकाने गोल केला. उघड्या डोळ्यांना चेंडू बाहेर गेल्यासारखा दिसत होता. पण नियम असा, की चेंडूचा सर्व भाग रेषेपलीकडे गेला पाहिजे. आणि वरून घेतलेल्या छायाचित्रात चेंडूची गोलाई दोन मिलिमीटरांहूनही कमी अंतराने रेषेवर लोंबत होती. गोल मान्य झाला, जपान जिंकले, आणि त्या निकालामुळे स्पर्धेबाहेर गेली ती जर्मनी! १९६६ साली एका माणसाच्या नजरेने जर्मनांना हरविले आणि २०२२ साली यंत्राच्या नजरेने. पण दुसऱ्या वेळी त्यांच्यापाशी न्यायाविरुद्ध तक्रार उरली नव्हती. हरण्यातही हा फरक मोठा आहे.

याउलट, हात मुद्दाम पसरला होता काय, या प्रश्नाचे उत्तर कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. चित्रफीत मंद गतीने फिरविली की साधी टक्करही क्रूर भासते आणि प्रत्येक हात हेतुपुरस्सर वाटतो. येथे पंचाचा अनुभव, त्याचे तारतम्य, खेळाच्या ओघाची त्याची जाण हेच प्रमाण. गायनात ताल मोजता येतो, पण लय अंगी असावी लागते. या वर्गातील वाद कधीच संपणार नाहीत, आणि संपूही नयेत. खेळाची खरी रुची वाढविणारा वाद असेल तर तो हा. त्यात प्रेक्षक नियम वाचतो, शब्दांचा कीस काढतो, दुसऱ्याच्या नजरेने प्रसंग पाहावयास शिकतो.

मात्र या वादाला एक लक्ष्मणरेषा आहे. २४ मे १९६४ रोजी पेरूच्या लिमा शहरात पेरू आणि अर्जेंटिना यांच्या ऑलिंपिक पात्रता सामन्यात अखेरच्या मिनिटांत पंचांनी पेरूचा बरोबरीचा गोल नाकारला. प्रेक्षक मैदानात घुसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक बाहेर पळू लागले तर दरवाजे बंद. अधिकृत आकड्यानुसार ३२८ माणसे मेली. आपल्या कलकत्त्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात, ईडन गार्डन्सवर, दोन खेळाडूंच्या झटापटीनंतर प्रेक्षकांत दंगल उसळली आणि सोळा माणसांचे प्राण गेले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे त्या दिवशी रक्तदान केले जाते. वादाला खेळाचे मीठ म्हणणाऱ्यांनी हे दोन दिवस विसरू नयेत. निर्णय चुकीचा असो वा बरोबर, तो एका माणसाने दिलेला निर्णय असतो. त्याची भरपाई माणसांच्या प्राणांनी व्हावी इतका कोणताही गोल मोठा नाही.

संघांच्या वर्तनालाही हेच लागू आहे. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूर येथे इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत सुनील छेत्रीने प्रतिपक्षाची भिंत उभी राहण्यापूर्वीच झटपट फ्री किक मारून गोल केला. पंचांनी तो मान्य करताच केरळ ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकांनी आपला संघ मैदानाबाहेर नेला. सामना गेला, संघाला चार कोटी रुपये दंड झाला, प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. त्यांचा आक्षेप खरा की खोटा यावर आजही दोन मते आहेत. परंतु खेळ सोडून गेल्याने आक्षेप सिद्ध होत नाही. उरलेल्या वेळात तो गोल फेडण्याची संधी तेवढी जाते.

श्रोतेहो, आतापर्यंत आपण मोठ्या मैदानांविषयी बोललो. परंतु फुटबॉल खऱ्या अर्थाने जगतो तो लहान मैदानांवर. गोव्यात सासष्टीच्या गावांतून भातकापणी झाल्यावर मोकळ्या शेतांत सामने रंगतात. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू मैदानावर उतरले की पेठाच्या पेठा ओस पडतात. बेळगावात, हैदराबादेत शाळकरी मुले पावसाच्या चिखलात खेळतात. तेथे कॅमेरे नाहीत, पडदे नाहीत, कानाला लावण्याचे यंत्र नाही. तेथे असतो एक मनुष्य. नोकरीधंदा सांभाळून तुटपुंज्या मानधनावर आलेला, कधी रेषापंचांवाचून एकटाच धावणारा. त्याची एक चूक झाली, तर त्याला शिव्या ऐकाव्या लागतात, क्वचित मार खावा लागतो, आणि पुढच्या वर्षी तो येत नाही. खेळावयास बावीसजण नेहमीच मिळतात. शिट्टी वाजविणारा मिळाला नाही, तर सामना होत नाही. मोठ्या स्पर्धांतील निर्णयांची चिरफाड पडद्यावर पाहून गावच्या पंचाकडूनही तीच अचूकता मागणे, हा आजच्या काळातील नवा अन्याय आहे.

म्हणून माझे निदान असे आहे. ज्याचे उत्तर मोजता येते, ते मोजावे. तेथे चुकीचे कौतुक नको. लबाडीला क्षमा नको. आणि जेथे माणसाच्या तारतम्यानेच निवाडा व्हावयाचा, तेथे पंचाला चांगले शिक्षण द्यावे, योग्य मोबदला द्यावा, आपला निर्णय चारचौघांत समजावून सांगण्याची सवय लावावी, चूक झाली तर ती कबूल करण्याइतके संरक्षण द्यावे, आणि मग त्याच्या निर्णयावर मनसोक्त वाद घालावा. असा वाद खेळाची गोडी वाढवितो, कारण त्याच्या मुळाशी विश्वास असतो, की शिट्टी वाजविणारा चुकला असेल, परंतु फिरला नव्हता. हा विश्वास शाबूत असेल तर पराभूत संघ पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उतरतो. तो गेला, तर विजेत्यालाही आपल्या विजयाची खात्री वाटेनाशी होते.

या आठवड्यात आपल्या गावी सामना असेल तर जरूर जा. ओरडा, हळहळा, पंचाच्या निर्णयाला नावेही ठेवा. मात्र सामना संपल्यावर तो पंच एकटाच पिशवी उचलून निघालेला दिसला, तर त्याला चार पावले सोबत करा आणि तो निर्णय त्याने का दिला, हे त्यालाच विचारा.